या संगणकावर लग्न जुळत नाही

सॉफ्टवेअरच्या डब्यातला करारनामा पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलेला माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो घाटनांदूरला खिळे, तारा आणि पत्रे विकत होता. ज्या अमेरिकन वकिलांनी तो करारनामा लिहिला, त्यांनी तरी तो लिहून झाल्यावर पुन्हा वाचला असेल असं मला वाटत नाही. आम्ही संगणकवाले तर तो कागद घडी घालून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारत असू. पण माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे, यांनी तो वाचला, आणि नुसता वाचून थांबले नाहीत, तर पाळला. माणसाला एक सासरा पुरेसा असतो. मला हे वरकड मिळाले होते.

छापलेल्या अक्षराबद्दल मामांना जो आदर होता, तो त्यांनी जिवंत माणसाबद्दल दाखवल्याचं कुणाला आठवत नाही. तोंडाने काही सांगितलं की ते ऐकल्यासारखं करत. तीच गोष्ट कागदावर छापून आली की तिचा कायदा होई. आमच्याकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं बारीक अक्षरात छापतात. छापखानेवाल्याकडे ती ओळ तयारच असते, ती सगळ्यांच्याच पत्रिकेत पडते आणि सगळेच आहेर घेऊन येतात. मामा एकटेच हात हलवत जात. वर मांडवाच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकासमोर पत्रिका धरत, “आनू नका म्हनून लिवलंय की. वाचत न्हाई व्हय?” शेवटी गावातल्या जाणत्या लोकांनी एक युक्ती काढली. मामांसाठी एक पत्रिका त्या ओळीशिवाय वेगळी छापून घ्यायची. ती मिळाली की मामा मुकाट्याने स्टीलचा डबा घेऊन जात आणि पंगतीत शहाण्यासारखे जेवून येत.

एसटीत किती प्रवाशांनी उभं राहावं हे ड्रायव्हरच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात ते वाचणारे मामाच. एकदा अंबाजोगाईहून परत येताना त्यांनी उभे लोक मोजले, एक जास्त भरला, आणि त्यांनी दोरी ओढून गाडी थांबवली. कंडक्टर भला माणूस होता. त्याने विचारलं, “शेवटी कोन चढलं व्हतं?” शेवटी मामाच चढले होते. दुसरा कुणी असता तर हसून गप्प बसला असता. मामा उतरले. आजूबाजूला ज्वारी आणि वर ऊन, अशा अवस्थेत मागून आलेल्या एका बैलगाडीत बसून संध्याकाळी घरी पोहोचले, आणि मामींना म्हणाले, “आज पहिल्यांदा ती गाडी कायद्यानं चालली.”  मामी अशा वेळी पिठाच्या गोळ्याशी बोलत.

या सगळ्याचं हसू येतं, पण ते ज्याला त्या घरात राहायचं नाही त्याला. मामांना शिवकांता नावाची एकुलती एक मुलगी होती. एम. एस्सी. झालेली, दिसायला नीटनेटकी, स्वभावाने शांत. आणि सत्ताविशीकडे झुकलेली. त्या काळी आमच्या भागात हे वय मुलीचं नसून आईबापाची झोप उडण्याचं मानलं जाई. स्थळं येत नव्हती असं नाही. येत आणि बिथरून परत जात. परळीकडचा एक मुलगा तर पसंतीपर्यंत पोहोचला होता. मामांनी त्याचा छापील बायोडाटा वाचून काढला आणि भरल्या बैठकीत विचारलं, “इथं निर्व्यसनी लिवलंय. मग अंगठ्याला चुना कशाचा?” मुलाने अंगठा मुठीत लपवला, मुलाच्या बापाने स्वतःचा लपवला, आणि पाहुणे चहा न घेता उठले. शिवकांता आतून सगळं ऐकत होती. ती कुणाला काही बोलली नाही. त्या घरात बोलण्याचं सगळं काम एकाच माणसाने अंगावर घेतलेलं होतं.

तो काळ मोठा उमेदीचा होता. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज येत होतं, आणि त्या उघड्या दारांतून आमच्या जिल्ह्यापर्यंत रंगीत शीतपेयं, पिवळ्या एसटीडीच्या टपऱ्या आणि ‘संगणक शिका, परदेशी जा’ असे फलक येऊन पोहोचले होते. वीज तेवढी पोहोचायची राहिली होती. अशा वातावरणात आमच्या लिंगायत समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं, आपणही लग्नं आता संगणकावर जुळवावी. अध्यक्ष म्हणजे अडत दुकानदार, पंचायत समितीचे माजी सभासद, आणि जे काम दुसऱ्याने करायचं असेल त्याबद्दल कमालीचे उत्साही. तोवर मंडळाचा सगळा कारभार एका पत्र्याच्या पेटीत होता. तीत गावोगावचे बायोडाटे कोंबलेले असत आणि पेटी मामांच्या दुकानाच्या माडीवर असे, कारण मामा मंडळाचे चिटणीस. मी औरंगाबादला एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहीत होतो आणि वरून जावई होतो, म्हणजे फुकटात होतो. मंडळाचा एक संगणक मामांच्या माडीवर येऊन बसला आणि काम माझ्याकडे आलं.

त्या वेळी आख्ख्या जिल्ह्यात विकत घेतलेलं सॉफ्टवेअर कंदील लावून शोधलं तरी सापडलं नसतं. बीडला एक फ्लॉपी आली की तिची पिलावळ पार आष्टीपर्यंत पसरे. बायोडाटे साठवायला मीही तशीच एक आणणार होतो. मामा म्हणाले, “चोरीच्या सामानावर समाजाच्या पोरींची लग्नं जुळवनार व्हय तुमी?”  मी रीतसर चौकशी केली. रोजच्या खऱ्या कामासाठी जी प्रत मिळे, तिची किंमत ऐकून अध्यक्षांच्या हातातला चहा बशीत सांडला. तेवढ्या पैशांत म्हणे सामुदायिक विवाह झाला असता. मग मी प्रोग्राम तयार करणाऱ्यांसाठी असलेली स्वस्तातली प्रत सुचवली. आधी हिच्यावर तयार करू, मोठी प्रत पुढच्या वर्षी बघू. अध्यक्षांना ‘पुढच्या वर्षी बघू’ हे शब्द फार आवडत. त्यांच्या राजकारणाची उभारणी त्यांवरच झाली होती.

डबा आला, आणि मामांनी आतल्या सीडीकडे न बघता त्यातला कागद उचलला. इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि तांबडी पेन्सिल घेऊन ते माडीवर बसले. दुकानात गिऱ्हाईक येई, खिळे मागे, आणि वरून ‘थांबा, कलम चालू हाय’ असं ऐकून निघून जाई. मग एके दिवशी मला एसटीडीवरून फोन आला.

“जावईबापू, तुमी ह्यो कागद वाचला व्हता का?”

“हो. वरवर.”

“वरवर म्हंजी कुठवर?”

 त्यांनी तांबडी खूण केलेलं कलम वाचून दाखवलं. ही प्रत फक्त प्रोग्राम घडवण्यासाठी आणि त्याची चाचणी घेण्यासाठी आहे, प्रत्यक्ष कामकाजासाठी वापरता येणार नाही. याचा खुलासा करा, म्हणाले. मी केला. फटफटीच्या दुकानात एक गाडी चालवून बघायला ठेवलेली असते; तिच्यावर चक्कर मारा, ब्रेक दाबून बघा, पण तिच्यावर रोज दूध घालायला जायचं नाही, तसं हे. खोटी नावं घालून प्रोग्राम बरोबर चालतो का बघायचं. खऱ्या माणसांचं खरं काम सुरू करायचं असेल तर मोठी प्रत घ्यायची. आणि मग मी त्या धंद्यातल्या माणसाने जे सांगू नये तेही सांगून टाकलं, की हे कुणी पाळत नाही. पण तोवर मामांनी फोन ठेवला होता. छापील तेवढं ऐकून झालं होतं.

पुढच्या खेपेला मी गेलो तर माडीच्या दाराला पत्र्याचा फलक ठोकलेला. पांढऱ्या पत्र्यावर तांबड्या अक्षरांत, ‘चाचणी चालू आहे. या संगणकावर लग्न जुळत नाही. हुकुमावरून.’ जगातलं हे पहिलंच वधू-वर सूचक मंडळ असेल, ज्याने दारावर अशी हमी दिली होती. लग्नं पूर्वीसारखी पेटीतूनच जुळत होती. संगणकावर मी लिहून दिलेल्या प्रोग्रामची मामांची चाचणी चाले, आणि ती करायची म्हणून ते वधू-वर स्वतः तयार करत. आपल्या पोटच्या मुलीच्या स्थळाला त्यांनी जो वेळ दिला नाही, तो त्यांनी या न जन्मलेल्या मंडळींना दिला. त्यांत बसवराज नावाचा एक पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर होता. निर्व्यसनी, स्वतःचं घर, विहिरीला बारमाही पाणी, धाकट्या बहिणी नाहीत. एवढा चांगला मुलगा समाजात आहे ही बातमी बाहेर फुटायला कितीसा वेळ लागणार? आष्टीहून एक बाई मुलीचा फोटो घेऊन आल्या.

“त्या इंजिनेराचा पत्ता द्या,” त्या म्हणाल्या.

“त्यो न्हाई,” मामा म्हणाले.

“जमलं व्हय त्याचं?”

“त्यो जल्मलाच न्हाई.”

बाईंनी फोटो पिशवीत ठेवला आणि जाताना अध्यक्षांकडे जाऊन तक्रार केली, की चिटणीस चांगली स्थळं दाबून ठेवतात, स्वतःच्या मुलीसाठी.

अध्यक्ष तावातावाने माडीवर आले. मी तिथेच होतो. “अवो आप्पा, लई झालं आता,” ते मामांना म्हणाले, “खरी मानसं घाला त्यात. अमेरिकेचा सायेब घाटनांदूरच्या टेशनावर उतरून तपासाया येनार हाय का? कोन बघतंय हितं?”

“मी बघतोय की,” मामा म्हणाले.

पण अध्यक्ष काही उगीच पंचायत समितीवर निवडून आले नव्हते. त्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. चाचणी चालते ना? मग चाचणीच घ्या, पण खऱ्या बायोडाट्यांवर घ्या. खोटी माणसं घालू-घालू प्रोग्राम खरा कसा कळणार? मामांनी कागद काढला, चष्मा पुसला, आणि तांबड्या खुणा पुन्हा एकदा तपासल्या. चाचणीतली माणसं खोटीच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही. त्यांनी परवानगी दिली. अट एकच, जे छापून निघेल ते बरोबर आहे का एवढंच बघायचं आणि फाडून टाकायचं. त्यावर कुणी कुठे स्थळ सांगायला गेलं, की ती चाचणी राहत नाही, तो वापर झाला.

दिवाळीच्या सुटीत आम्ही नवरा-बायको घाटनांदूरला होतो तेव्हा मी ती आख्खी पेटी संगणकात भरली. मामींनी त्या पेटीत शिवकांताचा बायोडाटा गुपचूप सरकवून ठेवला होता. ‘अपेक्षा’ या रकान्यात सगळ्या मुली ‘अनुरूप’ असं लिहीत. हिने लिहिलं होतं, ‘कमी बोलणारा असावा.’ ते वाचून मला हसू आलं, आणि मग तेवढं आलं नाही. प्रिंटर करकरला. बाकीच्या मुलींना दहा-पंधरा स्थळं निघत होती. शिवकांताच्या नावापुढे एकच निघालं. आष्टीचा मुलगा, हायस्कूलला गणिताचा मास्तर, ‘स्वभाव’ या रकान्यात एक शब्द, मितभाषी. वय, शिक्षण, उंची, सगळं चपखल. अध्यक्ष माझ्या खांद्यावरून वाचत होते, त्यांच्या तोंडातून “आयला” एवढंच निघालं. मामांनी कागद माझ्या हातातून घेतला. दोनदा वाचला. मला वाटलं, आता तरी. त्यांचा हात क्षणभर थांबलाही. मग “बरोबर चालतंय” असं म्हणून त्यांनी त्याचे तुकडे केले आणि खाली दुकानातल्या वाकड्या खिळ्यांच्या डब्यात टाकले.

त्या संध्याकाळी मामी, माझी बायको आणि शिवकांता अशा तिघींनी तो डबा स्वयंपाकघरात नेला आणि परातीत खिळे वेगळे, तुकडे वेगळे करून तो कागद जुळवला. मला हे बायकोने सांगितलं. मामी रडल्या म्हणे. शिवकांताने मात्र तो कागद सावकाश, बापासारखाच वरपासून खालपर्यंत वाचला, आणि खिळे परत डब्यात भरून ठेवले.

अध्यक्षांच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे. ही तर राहणं शक्यच नव्हतं. आष्टीच्या बाजारात त्यांच्या ओळखी होत्या. आमची सुटी संपायच्या आत मुलगा, मुलाचे वडील आणि मध्ये अध्यक्ष असे तिघे मामांच्या ओसरीवर हजर झाले. आष्टी जिल्ह्याच्या त्या टोकाला, घाटनांदूर या टोकाला. माणसं दिवसभर एसटीत आंबून आली होती. मामांनी त्यांचं फार चांगलं स्वागत केलं. पाय धुवायला पाणी, मुरमुऱ्यांचा सुशीला, चहा. पाऊस, ज्वारीचा भाव, ऊसतोडीच्या टोळ्या, सगळ्यांवर बोलणं झालं. मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

“आमी तुमच्या मुलीच्या विषयानं आलो.”

“तुमाला कुनी सांगितलं?”

“तुमच्या कॉम्प्युटरात आमच्या पोराचं नाव निघालं म्हनून कळलं.”

“मग त्या विषयावर बोलता येनार न्हाई,” मामा म्हणाले. “दुसरं काहीबी बोला.”

पाहुण्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. “आप्पा, पोरीच्या जल्माचा सवाल हाय. कावून असं करता? त्या अमेरिकेतल्या मानसाला काय दिसतंय हितलं?”

“दिसत न्हाई म्हनूनच पाळायचं,” मामा म्हणाले. “दिसत असतं तर कुनीबी पाळलं असतं.” बोलताना त्यांनी भरला कप बशीऐवजी सतरंजीवर ठेवला.  मला त्या घटकेला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा माझ्या सख्ख्या सासऱ्यांचाही कधी आला नाही. आणि तरी तो माणूस आतून पार हलला आहे हेही दिसत होतं. पाहुण्यांनी टोप्या सारख्या केल्या. उठायच्या आधीची ती हालचाल त्या ओसरीने पूर्वीही पाहिलेली होती.

तेवढ्यात शिवकांता बाहेर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ येऊन बापासमोर उभी राहिली.

“आप्पा, कॉम्प्युटरानं तुमाला सांगितलं असंल. मला कुनी काय सांगितलेलं न्हाई. हे पाव्हणे घरी आले, मी त्यांना आता हितं बघितलं. मला पसंत हाय.”

आमच्या भागात मुलीने असं बोलल्याचं त्या ओसरीवर कुणी ऐकलं नव्हतं.  मुलाचे वडील मुलाकडे बघू लागले, आणि त्या मितभाषी मुलाने त्या दिवसातलं आपलं एकमेव भाषण केलं. तो म्हणाला, “मलाबी.”

मामा मुलीकडे बघत होते. “तू त्यो कागद वाचला न्हाईस?”

“न्हाई.”

 अंगठ्याचा चुना पकडणारा हा माणूस. आता उलटतपासणी होणार, खिळ्यांचा डबा येणार, सगळं मोडणार. मामांनी मुलीच्या हाताकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “बसा. उठू नका.”

लग्न माघात झालं. स्वामींनी मंगल म्हटलं, अक्षता पडल्या, आणि लोकांनी आहेरही आणले. मामांनी कुणाला अडवलं नाही. दुपारी आष्टीकडची जीप शिवकांताला घेऊन गेली. मामी आत जाऊन निजल्या. मामा कुठे दिसेनात म्हणून मी माडीवर गेलो, तर ते दुकानातली पत्रा कापायची कात्री घेऊन सॉफ्टवेअरच्या सीडीचे तुकडे करत बसले होते.

“संगनकातलं पुसून टाका, जावईबापू,” ते म्हणाले. “करार मोडला तर सगळ्या प्रती नष्ट कराव्या, असं शेवटच्या पानावर लिवलंय.”

“पण मोडला कुठे? शिवकांता तर म्हणाली, तिने कागद वाचला नाही.”

“खोटं बोलली. खोटं बोलताना डाव्या हातानं पदर पिळती ती. ल्हानपनापासनं.”

“मग तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

मामांनी तुकडे एका कागदावर गोळा केले. “घरात पहिल्यांदाच बोलली पोर,” ते म्हणाले. “मी काय बोलू मधी?”

मी संगणक चालू केला आणि पुसायला घेतलं. त्याला वेळ लागत होता. खाली मांडव सोडायला माणसं आली होती. बांबू पडत होते. मामा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. जीप ज्या रस्त्याने गेली तो रस्ता तिथून दिसे.

“आष्टीला उद्या सकाळी गाडी हाय का वो?” त्यांनी न वळता विचारलं.

मुलीला माहेरी आणायला मुराळी जायला अजून अवकाश होता, आणि बाप तर जातच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मी म्हणालो, “गाडी आहे मामा, पण जायला आख्खा दिवस मोडतो.”

“मोडू द्या की,” मामा म्हणाले. “आता काय काम हाय मला?”